घराची पट्टी आणि शाळेची पाटी

वर्षाकाठी एकदा किंवा दोनदा घरपट्टीचे जे बिल आपल्या दारात येऊन पडते, ते आपल्यापैकी बहुतेकजण तळाच्या आकड्यापासून वाचावयास घेतात, आणि तो आकडा गतवर्षाहून फारसा फुगलेला नाही एवढी खातरजमा झाली, की वरच्या ओळींच्या वाटेला जात नाहीत. त्या न वाचलेल्या ओळींत, सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, वृक्ष उपकर अशा मानकऱ्यांच्या पंगतीत, एक पान शिक्षणाच्या नावाने मांडलेले असते. मुंबईच्या बिलात तर अशी दोन पाने असतात, एक महापालिकेच्या शिक्षण उपकराचे व दुसरे राज्य सरकारच्या. ज्याचे घर आहे त्याने गावातल्या शाळेसाठी चार पैसे द्यावेत, हे तत्त्व आपल्याकडे इतके जुने झाले आहे, की त्याविषयी कुणी भांडत नाही आणि, जे अधिक शोचनीय, कुणी विचारीतही नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर मात्र २०१८ साली याच तत्त्वावरून एवढा कलह माजला, की चार जिल्ह्यांनी आपल्याच राज्य सरकारला न्यायालयात उभे केले. ती हकीकत येथे सांगताना परदेशची गंमत दाखविण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच कबूल करून टाकतो. भाव चढण्याची वाट पाहत घेऊन ठेवलेल्या घरांवर शाळांसाठी वेगळा कर बसवावा, असे माझे मत आहे. आणि हवाईने तो ज्या रीतीने बसवू पाहिला त्या रीतीने तो कोठेही बसू नये, हेही मत मी तितक्याच ठामपणे बाळगून आहे.

हवाईच्या सरकारी शाळा अमेरिकेने स्थापिलेल्या नाहीत. हे राज्य अमेरिकी संघराज्यात आले १९५९ साली, पन्नासावे म्हणून. आणि तेथील सार्वजनिक शिक्षणाची व्यवस्था त्याआधी एकशेएकोणीस वर्षे, १८४० साली, तिसरा कामेहामेहा या एतद्देशीय राजाच्या अमदानीत कायद्याने सुरू झाली होती. नियतीचा विनोद असा, की याच राजाच्या हातून १८४८ साली जमिनीची ती सुप्रसिद्ध वाटणी झाली, जिला तेथील भाषेत ‘महेले’ म्हणतात, आणि जिच्यामुळे राजा, सरदार व प्रजा यांच्या परस्परसंबंधांत गुंतलेली भूमी खाजगी मालकीची, म्हणजेच विकता येण्याजोगी वस्तू बनली. पाठोपाठ १८५० च्या कायद्याने परकीयांनाही ती विकत घेण्याची मुभा मिळाली. एकाच राजाने प्रजेला शाळा दिली आणि प्रजेच्या पायाखालची जमीन बाजारात जाण्याची वाटही मोकळी केली. त्या दोन देणग्या १७० वर्षांनी एकमेकींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. होनोलुलू ज्या ओआहू बेटावर वसले आहे, तेथील साध्या स्वतंत्र घराची किंमत २०१८ च्या सुमारास आठ लाख डॉलरांच्या घरात गेली होती. समुद्राकाठची कित्येक घरे अशा धनिकांच्या नावावर होती जे वर्षातून चार-दोन आठवडे तेथे फिरकत. आणि त्याच बेटांवरच्या शाळांत शिकविणाऱ्या शिक्षकांना घरभाडे देणे परवडत नव्हते, म्हणून ते नोकरी सोडून मुख्य भूमीवर निघून जात होते. हजाराच्या वर जागांवर पात्र शिक्षक मिळत नाही आणि महागाईशी ताडून पाहिले तर आमचा पगार देशात तळाला आहे, अशी तेथील शिक्षक संघटनेची तक्रार होती. वर्गखोल्यांत उष्मा इतका असह्य होई, की एक हजार वर्ग थंड करण्यासाठी २०१६ साली दहा कोटी डॉलरांची खास तरतूद करावी लागली. ज्या हवेसाठी जग पैसे मोजून तेथे येते, त्याच हवेत तेथल्या मुलांना फळ्याकडे पाहवत नव्हते.

आता या शाळांचा खर्च चालतो कशावर, हे पाहिले म्हणजे भांडणाचे मूळ सापडते. अमेरिकेतील इतर राज्यांत शाळा बहुतांशी स्थानिक मंडळांच्या ताब्यात असतात आणि त्यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या त्या भागातील घरपट्टीतून येतो. हवाईत मात्र सबंध राज्याचे मिळून एकच शाळा मंडळ आहे, आणि अशी व्यवस्था असलेले ते एकमेव राज्य होय. उलटपक्षी, स्थावर मालमत्तेवर कर बसविण्याचा अधिकार १९७८ च्या घटनादुरुस्तीने पूर्णतः जिल्ह्यांच्या, म्हणजे तेथील काउंट्यांच्या हाती देण्यात आला. त्याला अपवाद एका चिमुकल्या कलावाओ जिल्ह्याचा, जेथे १८६६ पासून कुष्ठरोग्यांना समाजापासून तोडून नेऊन ठेवीत आणि जेथे त्यांची सेवा करता करता फादर डेमियन स्वतः त्याच रोगाने १८८९ साली मरण पावले. करविषयक रूक्ष कलमाच्या एका कोपऱ्यात एवढी करुण स्मृती दडलेली असावी, हे वाचताना मन क्षणभर थबकते. असो. फलितार्थ हा, की ज्याच्याकडे शाळा आहेत त्या राज्याला जमिनीवर कर घेता येत नाही, आणि ज्यांना जमिनीवर कर घेता येतो त्या जिल्ह्यांकडे शाळा नाहीत. मग राज्याने शाळांसाठी पैसा आणावा कोठून? प्राप्तिकरातून, आणि प्रत्येक उलाढालीवर घेतल्या जाणाऱ्या चार टक्क्यांच्या सर्वसाधारण करातून. हा दुसरा कर तांदळाच्या पिशवीवर पडतो आणि घरभाड्यावरही पडतो. म्हणजे हॉटेलात झाडलोट करणारी बाई आपल्या खोलीच्या भाड्यातून शाळेचा खर्च उचलते, आणि समुद्राकडे तोंड करून वर्षभर कुलूपबंद उभा असलेला बंगला शाळेला जवळजवळ काही देत नाही. मालमत्तेच्या किमतीशी तुलना करता हवाईची घरपट्टी देशातील सर्वांत हलक्या घरपट्ट्यांपैकी एक. राहत्या घराला होनोलुलूत हजार डॉलरमागे साडेतीन डॉलर.

शिक्षक संघटनेने हा अन्याय हेरला आणि विधिमंडळाकडून २०१८ च्या अधिवेशनात घटनादुरुस्तीचा एक प्रश्न मतदारांपुढे ठेवण्याचा ठराव संमत करून घेतला. मतपत्रिकेवर छापावयाचा प्रश्न एका वाक्याचा होता आणि त्याचा आशय असा: सार्वजनिक शिक्षणाच्या साह्यासाठी, कायद्याने ठरेल त्याप्रमाणे, गुंतवणुकीच्या स्थावर मालमत्तेवर अधिभार बसविण्याचा अधिकार विधिमंडळाला द्यावा काय? वाचावयास किती सोज्ज्वळ! शाळेला नको कोण म्हणणार, आणि गुंतवणूकदाराचा कळवळा कोणास येणार? परंतु हे वाक्य जरा उन्हात धरून पाहावे, म्हणजे त्याची भोके दिसू लागतात. गुंतवणुकीची मालमत्ता म्हणजे कोणती? दहा लाख डॉलरांवरील दुसरी घरे तेवढी आमच्या मनात आहेत, असे पुरस्कर्ते सभांतून सांगत होते. पण ती मर्यादा प्रश्नात नव्हती. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाची इमारत, वृद्ध विधवेने भाड्याने दिलेली मागची खोली, सासऱ्याने जावयाला राहावयास दिलेले घर, ही त्यात येतात की नाहीत, याचे उत्तर मंजुरीनंतर विधिमंडळ देणार होते. दर किती? तोही नंतर. आणि ‘अधिभार’ हा शब्द तर विशेष चतुराईचा. अधिभार म्हणजे असलेल्या करावर थोडी भर, असा कुणाचाही समज व्हावा, पण राज्याकडे मुळात हा कर नव्हताच, तेव्हा भर पडणार ती कशावर? जे मागितले जात होते तो चाळीस वर्षे दुसऱ्याच्या हाती असलेला एक संपूर्ण अधिकार होता, आणि त्याचा उच्चार प्रश्नात कोठेही नव्हता.

चारही जिल्हे, होनोलुलू, माउई, हवाई आणि काउआई, न्यायालयात गेले. तेथील कायदा असा आहे, की घटनादुरुस्तीच्या प्रश्नाची भाषा व अर्थ स्पष्ट असावा आणि तो दिशाभूल करणारा नसावा. खालच्या न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला; मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रश्न अवैध ठरविला. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यामुळे ६ नोव्हेंबरच्या मतदानाला जे मतदार गेले त्यांच्या हाती तो प्रश्न पडला, कित्येकांनी त्यावर खूणही केली असेल, आणि ती मते कुणी मोजली नाहीत.

माझी सहानुभूती शिक्षकांकडे आहे, तरीही न्यायालयाने केले ते योग्यच केले, असे मी म्हणतो. कोऱ्या कागदावर आधी सही घ्यावी आणि मजकूर मागाहून भरावा, ही सावकाराची रीत आहे. शाळेच्या नावाने ती चालविली म्हणून पवित्र होत नाही. विरोधकांच्या युक्तिवादांत मात्र सगळेच दाणे भरलेले नव्हते. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की मालक हा कर शेवटी भाडेकरूवर ढकलील आणि घरे अधिकच महाग होतील. जेथे घरांची टंचाई आहे तेथे मालक काही अंशी भार ढकलतो, हे मान्य करावयास हवे. पण ज्या घरात भाडेकरूच नाही, ज्याची खिडकी फक्त नाताळात उघडते, त्याचा मालक हा भार ढकलणार कुणावर? उलट वर्षानुवर्षे कर भरीत रिकामे ठेवण्यापेक्षा ते भाड्याने द्यावे अशी बुद्धी त्याला झाली, तर भाडेकरूचे त्यात हितच आहे. शिवाय मालक ज्यात राहत नाही अशी दहा लाख डॉलरांवरील घरे ही वेगळी जात आहे, हे होनोलुलूने स्वतःच २०१४ पासून आपल्या घरपट्टीत मानले होते आणि त्यांना चढा दर लावला होता. म्हणजे जिल्ह्यांचा विरोध कराला नव्हता. कर कुणाच्या तिजोरीत जावा, याला होता. तिजोऱ्यांच्या भांडणात शाळांचे नाव घेतले जाते, एवढेच.

आणखी एक आक्षेप होता आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. समजा, हा कर बसला आणि त्यातून शाळांना अमुक कोटी डॉलर मिळाले. तर विधिमंडळ आपल्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून शाळांना देत असलेली रक्कम तितक्याने कमी करणार नाही, याची हमी कोणती? प्रश्नात ती नव्हती. उजव्या हाताने ताटात वाढावे आणि डाव्या हाताने तेवढेच उचलून घ्यावे, ही किमया साऱ्या जगातील अर्थमंत्र्यांना अवगत आहे, आणि ज्याच्या नावाने कर घेतला जातो त्याला ताट तेवढेच का दिसते, याचा उलगडा त्याला कधी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, हवाईने एवढा खटाटोप करण्यापेक्षा इतर राज्यांप्रमाणे शाळा जिल्ह्यांकडे आणि घरपट्टीकडे सोपवून टाकाव्यात. या सल्ल्याला टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. एजवूड हा तेथील गरीब, मुख्यत्वे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वस्तीचा शाळा विभाग. अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरीत आणि त्यातून दर विद्यार्थ्यामागे त्यांच्या शाळेला मिळत २६ डॉलर. अलामो हाइट्सचे लोक केवळ ८५ सेंट भरीत आणि त्यांच्या शाळेला मिळत ३३३ डॉलर. जास्त कर भरणाऱ्याच्या मुलाला कमी शाळा मिळते, हा न्याय कोणता, असा दावा एजवूडच्या पालकांनी लावला. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, संघराज्याच्या घटनेत यावर उपाय नाही असे सांगून त्यांना परत पाठविले. पट्टी जेथली तेथेच खर्च करावी, हे तत्त्व कानाला गोड लागते, पण त्यातून श्रीमंतांच्या गल्लीत श्रीमंत शाळा आणि दरिद्री गल्लीत दरिद्री शाळा उभी राहते. सबंध राज्याची एक थाळी करून त्यातून सर्वांना वाढण्याची हवाईची पद्धत याहून कितीतरी श्रेयस्कर. तिच्यात दोष एवढाच, की थाळीत घालावयाच्या धान्याचे सर्वांत मोठे कोठार दुसऱ्याच्या कुलुपात आहे.

वर ज्या तारखेचा उल्लेख आला, ती १९ ऑक्टोबर, मराठी वाचकाला निराळ्या कारणाने ओळखीची असावयास हवी. त्या निकालाच्या बरोबर १३६ वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन पुण्याहून सादर केले होते. आणि त्यातील गाऱ्हाणे, नावगाव बदलले तर, हेच होते. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई. तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. महसुलाचा बहुतांश भार कुणब्याच्या घामातून निघतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गाला मिळतो, हा त्यांच्या निवेदनाचा कणा होता, आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी. जमिनीवर पट्टी होती, पट्टीवर शाळेचे नाव होते, पण शाळा पट्टी देणाऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचत नव्हती. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे जे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी पट्टी बसविण्याची मुभा होती आणि खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सरकारने उचलावा अशी अपेक्षा होती. नव्या कराच्या भीतीने जमीनदार बिचकले, रयत शिकली तर शेतावर राबणार कोण असा प्रश्न काहींनी उघड विचारला, आणि मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पुढे पाचच वर्षांनी, १९१७ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जे साम्राज्याला परवडत नव्हते ते एका संस्थानाला परवडले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दोनच वर्षांत, १९६२ साली, शिक्षण उपकराचा कायदा झाला, ज्यात पुढे रोजगार हमीचीही भर पडली. नागरी क्षेत्रांतील इमारतींवर हा कर तेव्हापासून आहे, आणि निवासी इमारतींहून अनिवासी इमारतींना चढा आहे. वर ज्या ओळीविषयी सांगितले ती ओळ या कायद्याची संतती.

म्हणजे हवाईला जो अधिकार मतदारांपुढे पदर पसरून मिळाला नाही, तो आपल्या सरकारच्या हाती साठ वर्षे आहे. आणि राहते घर कोणते व गुंतवणुकीचे कोणते, हा जो प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवला, त्याचे उत्तर आपल्याकडे पुण्याच्या कर खात्यातील कारकुनाला पाठ आहे. पुणे महापालिका १९७० पासून ज्या घरात मालक स्वतः राहतो त्याला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत देत असे. हिशेबतपासणीत त्यावर आक्षेप निघाला, सरकारने ती सवलत रद्द ठरविली, फरकाची मागणी हाती पडताच पेठांपासून उपनगरांपर्यंत आक्रोश झाला, आणि २०२३ साली ती पुन्हा बहाल झाली. ती मिळविण्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि आपण त्याच घरात राहतो याचे पुरावे जोडावे लागतात. पुणेकरांनी या अर्जाविषयी जी रसाळ वाक्ये उच्चारली ती छापण्याजोगी नाहीत; तथापि त्या अर्जामुळे एका महानगरात राहते घर आणि राहते नसलेले घर यांची वेगवेगळी यादी तयार होऊ शकते, ही गोष्ट कुणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. मुंबईने याउलट आकाराचा निकष धरला: २०२२ च्या आरंभी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ झाला. लहान घराचा धनी गरीब असतो, हे सर्वसाधारणपणे खरे. पण पाचशे फुटांचे घर कुलूप लावून ठेवलेलेही असू शकते, आणि आकार मोजणारी फूटपट्टी कुलपाकडे पाहत नाही.

कुलपे किती आहेत? २०११ च्या जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने दिलेला आकडा असा, की एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती, आणि देशातील कोणत्याही शहरापेक्षा ही संख्या मोठी. सबंध महाराष्ट्रात अशी घरे वीस लाखांवर. ज्या शहरात माणसे पुलाखाली संसार थाटतात त्याच शहरात ही घरे धूळ खात उभी आहेत, यावर नैतिक प्रवचन करण्याचा मोह होतो, परंतु करविषयक लेखात तो आवरलेला बरा. ही सारी घरे सट्टेबाजांची नाहीत, हेही ओघानेच आले. काही कज्जेदलालीत अडकलेली, काही मोडकळीस आलेली, काही भाडेकरू पुढे निघता निघणार नाही या धास्तीने बंद ठेवलेली. त्या धास्तीला आपल्या जुन्या भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ खतपाणी घातले आहे.

येथे माझ्या प्रस्तावाच्या सर्वांत नाजूक भागाकडे मी येतो. रिकाम्या घरावर कर म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मलबार हिलवरची सदनिका येत नाही. त्याला आठवते ते गावचे घर. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्या चाकरमान्यांचे राजापूर-लांज्याकडचे कौलारू घर वर्षातले साडेअकरा महिने बंद असते, आणि गणपतीला उघडले की त्यात पंचवीस माणसे निजतात. सातबारावर नऊ भावांची नावे, फेरफार अजून आजोबांच्या मृत्यूचा व्हावयाचा, आणि पावसाळ्याआधी कौले परतण्याचा खर्च कुणी करावयाचा यावर दर वर्षी अबोला. हे घर म्हणजे गुंतवणूक असे जो म्हणेल त्याने मे महिन्यात त्याची वाळवी पाहून यावी. असे वडिलोपार्जित घर, बदलीच्या नोकरीमुळे बंद राहिलेले घर, आणि भाड्याने दिलेले लहान घर, ही कराच्या बाहेर ठेवावीत, आणि बाहेर ठेवली आहेत हे कायद्याच्या मूळ कलमात लिहावे. मागाहून निघणाऱ्या अधिसूचनेवर सोडू नये. एका कुटुंबाच्या नावे असलेल्या तिसऱ्या घरापासून पुढे, वर्षातील बहुतांश काळ रिकामे आणि ठरावीक मूल्याच्या वर असलेले घर, एवढीच व्याख्या आरंभाला पुरे. थोडी घरे सापडतील. पण जी सापडतील त्यांच्या धन्यांना हा कर जाणवणारही नाही.

आता अलिबागकडे पाहा. १९६२ च्या कायद्याचा इमारतींवरील कर नागरी हद्दीपुरता आहे. त्यामुळे शहरातील दोन खोल्यांचा धनी शिक्षणाची ओळ भरतो, आणि किनाऱ्यालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत तलाव, हिरवळ, पहारेकरी असा सरंजाम घेऊन उभे राहिलेले बंगले फक्त ग्रामपंचायतीची घरपट्टी भरून मोकळे होतात. त्या बंगल्यांच्या कुंपणापलीकडे जिल्हा परिषदेची शाळा असते. २०२३ साली राज्यात वीसच्या आत पट असलेल्या अशा शाळांची गणती १४ हजारांहून अधिक झाली, त्या जवळच्या शाळांत विलीन करण्याचा विचार पुढे आला, आणि त्याच वर्षी सरकारने शाळा दत्तक घेण्याची योजना जाहीर केली, जिच्यान्वये उद्योगपतींनी व दानशूरांनी शाळेला वस्तू व सेवा पुरवाव्यात आणि मोबदल्यात शाळेला आपले नाव काही काळ जोडावे. ज्याच्याकडून हक्काने कर घ्यावयाचा, त्याच्यापुढे झोळी पसरावयाची आणि तो जे टाकील त्याबद्दल त्याचे नाव भिंतीवर रंगवावयाचे, हा व्यवहार मला सरकारच्या प्रतिष्ठेला शोभणारा वाटत नाही. दात्याची मर्जी फिरली म्हणजे शाळा पुन्हा अनाथ. कर मर्जीवर चालत नाही.

राहिला तो ताटाचा प्रश्न, उजव्या आणि डाव्या हातांचा. आपल्या घटनेच्या २६६ व्या अनुच्छेदानुसार राज्याला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो, आणि सर्व नद्या समुद्रास मिळाल्यावर कोणते पाणी कोणत्या नदीचे हे सांगता येऊ नये, तशी शिक्षण उपकराची गत होते. नवा कर बसवावयाचा तर त्याचे उत्पन्न वेगळ्या निधीत वर्ग व्हावे, त्यातून शाळांच्या इमारती, स्वच्छतागृहे आणि शिक्षकांच्या रिक्त जागा एवढ्यावरच खर्च व्हावा, आणि शिक्षणावरील आधीची तरतूद कमी करता येणार नाही असे कायद्यातच नमूद असावे. एवढे होणार नसेल, तर अलिबागच्या बंगलेवाल्यानेही हा कर भरू नये असे मी त्याला सांगेन. मात्र तो माझे ऐकण्याइतका अडचणीत नसतो.

तेव्हा वाचकहो, यंदाचे बिल दारात येईल त्या दिवशी ते तळाऐवजी मधून वाचावे, शिक्षणाच्या नावापुढचा आकडा एका कागदावर उतरवून घ्यावा, आणि आपल्या वॉर्डातून या ओळीखाली गेल्या वर्षी किती वसूल झाले व त्यातील किती कोणत्या शाळेवर खर्च पडले, एवढे लेखी विचारावे. माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.